टँकरने मोजायचा पाऊस

जालन्यात पाण्याबद्दल दोनच तक्रारी असतात. एक, पाणी आलं नाही. दुसरी, पाणी शिरलं. इतर गावांत या दोन तक्रारींच्या मध्ये निदान एखादा ऋतू तरी जातो. आमच्याकडे मे सरत आला की पहिली तक्रार सकाळी आणि दुसरी संध्याकाळी, एकाच घरातून ऐकू येते. करणारा माणूसही तोच असतो. सकाळी तो टँकरवाल्याला फोन लावत असतो आणि संध्याकाळी पलंगावर पाय वर घेऊन बसलेला असतो. मधल्या वेळात फक्त वळीव येऊन गेलेला असतो.

तसं आमचं गाव खानदानी. ‘जालना, सोने का पालना’ ही जुनी ख्याती. सळया इथे तयार होतात आणि महाराष्ट्रभरच्या स्लॅबांत जाऊन बसतात. बियाणं इथून निघतं आणि देशभर पेरलं जातं. मोसंबीला तर भौगोलिक मानांकन आहे. पाणी तेवढं कधी आमचं झालं नाही. वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही मनात आलं तर. २०१२-१३च्या दुष्काळाने इथल्या माणसांना अंघोळीच्या बाबतीत जे वैराग्य दिलं ते आमच्या जिल्ह्यातल्या जांब समर्थला जन्मलेल्या रामदास स्वामींनाही मान्य झालं असतं. तेव्हापासून जालनेकराला लिटर, घनमीटर, दशलक्ष घनफूट यातलं काही कळत नाही. त्याला टँकर कळतो. धरण भरलं म्हटलं तरी तो विचारतो, “म्हणजे किती टँकर?”

अशा माणसाच्या दारात वळीव येतो तेव्हा काय होतं, ते पाहण्यासारखं असतं.

सकाळपासून गावाचा तवा तापलेला असतो. पारा बेचाळिसावर. दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंही नसतं. मोंढ्याजवळच्या हॉटेलात मात्र तीन-चार वयस्कर मंडळी अर्धा-अर्धा चहा घेऊन आभाळाचा निकाल लावत बसलेली असतात. त्यांचा भरवसा पंचांगावर. रोहिण्यांचं वाहन काय, मिरगाचं काय, यावर खल चालतो. बेडूक, म्हैस, हत्ती यांपैकी काही असेल तर पाऊस दमदार. कोल्हा किंवा मेंढा असेल तर ओढ. शेजारच्या टेबलावरच्या पोरांचा भरवसा मोबाइलवर. त्यात वेधशाळेचा पिवळा इशारा आलेला असतो, तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस आणि सोसाट्याचा वारा. हे तुरळक ठिकाण कोणतं ते वेधशाळा सांगत नाही, आणि प्रत्येकाला ते शेजारच्या तालुक्यात आहे असं वाटतं. जालन्याच्या माणसाला ते बदनापुरात वाटतं, बदनापूरच्या माणसाला भोकरदनात. शेवटी आजोबा म्हणतात, “बेडूक हाये औंदा, पडंल.” पोरगं म्हणतं, “नारंगी झाला बघा इशारा.” पंचांग आणि वेधशाळा यांचं एकमत झालं की समजावं, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया गेल्या.

चारच्या सुमाराला पश्चिमेला ढग उभा राहतो. पावसाळ्यातले ढग आडवे पसरतात, वळवाचा ढग उंच वाढतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर झेपावते, समुद्राकडून आलेला ओलावा तिला मिळतो आणि बारा-तेरा किलोमीटर उंचीचा, म्हणजे एव्हरेस्टच्याही डोक्यावरून पाहणारा डोलारा तयार होतो. उंची एवढी, पण बुडाचा पसारा बेताचा. म्हणून तो कुठे रिकामा होईल याचा नेम नसतो. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. कधी एकीकडे पूर असतो आणि दुसरीकडे धूळ. व्याही व्याह्याला फोन करतो, “काय म्हणतो पाऊस?” तिकडून उत्तर येतं, “कसला पाऊस? थेंब नाही इकडं.” अर्ध्या तासाने कोरड्या बाजूच्या व्याह्याच्या अंगणात पाणी येतं. वरच्या अंगाला पडलेला पाऊस नाल्याने रीतसर खाली पोचलेला असतो. तो बिचारा आभाळाकडे पाहतो, मग जमिनीकडे पाहतो, आणि पाहुण्यांनीच पाणी सोडलं असावं असा त्याचा कायमचा समज होतो.

पण आधी येतो वारा. वारा आला की पहिल्या झटक्यात वीज जाते. ही दक्षता इतकी चोख असते की ढग लांब अंबडला गडगडला तरी जालन्यात अंधार होतो. दुसऱ्या झटक्यात फ्लेक्स सुटतात. भावी नगरसेवक, विद्यमान दादा आणि माजी भाऊ असे तिघेही एकाच वेळी हवेत जातात आणि पक्षभेद विसरून एकाच लिंबाच्या झाडात अडकतात. राजकारणात इतकी एकजूट आमच्याकडे वळवाशिवाय कोणी घडवून आणलेली नाही.

त्यात लग्नसराई. मेमध्ये आमच्याकडे माणसं लग्नाला जातात आणि उरलेल्या वेळात घरी राहतात. कार्यालयाचं लॉन, खुर्च्यांना पांढरी झबली, गोरज मुहूर्त. एका लग्नात मंगलाष्टकांचं पहिलं कडवं सुरू झालं, लोकांनी मुठीत अक्षता घट्ट धरल्या, आणि ‘सावधान’ म्हणायच्या आत वरून गारा सुरू झाल्या. भटजींनी प्रसंगावधान राखून पुढची सगळी कडवी एका दमात आटोपली. वऱ्हाडाने खुर्च्या डोक्यावर घेतल्या. वाजंत्री मंडळींनी ढोल पालथे घातले आणि त्यावर स्वतः बसले. जेवणाच्या मांडवात तर वेगळंच दृश्य. बुंदी भिजली, पुऱ्या नरमल्या, वरणाचं सार झालं. मठ्ठ्याचं पातेलं मात्र दीड तास वाटूनही रिकामं होईना. वाढपी भारावून प्रत्येकाला सांगत होता, “घ्या हो घ्या, काही कमी नाही.” मुलीचे मामा म्हणाले, “पोरगी पायगुणाची आहे.” मुलाचे काका म्हणाले, “बघू, मंडपाचं बिल कोण देतं ते.”

घराघरांत मात्र पावसाचा पहिला थेंब पडल्याबरोबर वेगळीच धावपळ सुरू होते. इतर शहरांत पाऊस आला की लोक दोरीवरचे कपडे काढतात. जालन्यात आधी भांडी मांडतात. गच्चीच्या पन्हाळीखाली निळा ड्रम, त्याशेजारी टीप, मग घागरी, बादल्या, पातेली, उतरत्या भाजणीने, आणि शेवटी कुकरचं भांडं. शेजारच्या काकू या शास्त्रात अधिकारी. त्यांचं घर रस्त्याच्या पातळीपेक्षा दोन पायऱ्या उंच होतं. मग रस्ता सिमेंटचा झाला, त्यावर पुन्हा सिमेंटचा झाला, आणि आता त्यांच्या घरात उतरायला दोन पायऱ्या आहेत. एकदा अशाच वळवात त्या मागच्या दारी धारेखाली भांडी लावत होत्या. पुढच्या दारातून काकांनी हाक मारली, “अगं, पाणी येऊ राहिलं!”

“येऊ द्या की,” काकू मागून ओरडल्या, “दुसरा ड्रम लावते.”

“अगं घरात येऊ राहिलं!”

“मग उंबऱ्याला पोतं लावा. आणि ते मोठं पातेलं इकडं द्या.”

“ते तरंगू राहिलं!”

“तरंगतंय तर तसंच सरकवा इकडं, उचलायला नको.”

त्या रात्री त्यांच्या घरात मागच्या बाजूला साठवलेलं पाणी आणि पुढच्या बाजूने आलेलं पाणी यांच्यात फक्त एक न्हाणीघराची भिंत होती. काकूंनी मागचं पाणी फडक्याने गाळून भरून ठेवलं आणि पुढचं सुपलीने उपसून बाहेर काढलं. दोन्ही एकाच ढगातलं. एकाला झाकण मिळालं, दुसऱ्याला शिव्या.

रस्त्यावर या वेळी नागरिकशास्त्राचा जिवंत तास चाललेला असतो. गुडघाभर पाणी साचलं की कुठूनतरी एक माणूस प्रकट होतो आणि चौकाच्या मधोमध उभा राहतो. त्याला कोणी नेमलेलं नसतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. तो हातवारे करत वाहतूक हाकतो. “डाव्या अंगानं घ्या! तिथं चेंबर हाये!” चेंबरच्या तोंडात लिंबाची फांदी खोचलेली असते. साऱ्या महाराष्ट्राच्या इमारती आमच्या सळयांवर उभ्या आहेत, पण लोखंडाच्या या गावात चेंबरला झाकण मिळत नाही, फांदी मिळते. फांदी ताजी असेल तर खड्डा नवा, सुकलेली असेल तर जुना, एवढं ज्ञान इथल्या शाळकरी मुलालाही असतं.

मग दुचाकीवाले येतात. यांचे दोन पंथ आहेत. एक ‘निघते’ पंथ आणि दुसरा ‘ढकला’ पंथ. पहिल्या पंथाचा माणूस काठावर क्षणभर थांबतो, मागे बसलेल्या बायकोला म्हणतो, “निघते,” आणि पाय वर उचलून गाडी घालतो. मध्यावर सायलेंसरमधून बुडबुडे येतात आणि तो दुसऱ्या पंथात प्रवेश करतो. बायको उतरते, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात पर्स घेऊन चालू लागते आणि एक अक्षर बोलत नाही. ते सगळं घरी पोचल्यावर बोलायचं असतं.

नदीच्या पुलावर याच वेळी गर्दी. वर्षातले अकरा महिने कुंडलिकेकडे कोणी मान वळवून पाहत नाही, पाहिलं तर नाकाला रुमाल लावून. पूर आला की तिचं दर्शन घ्यायला सहकुटुंब येतात. मक्याची कणसं भाजणारा गाडा लागतो. पोरं रील काढतात. खरं तर पाणी घोट्याच्या वर असलं आणि वेगात असलं की पुलावर, फरशीवर पाय घालू नये, गाडी तर मुळीच घालू नये. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे ते एकमेकांना पुलावर उभे राहूनच सांगतात. रात्री व्हॉट्सअॅपवर चित्रफिती फिरू लागतात. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, त्या वेळचं दृश्य ‘आताचे गांधीचमन, जालना’ म्हणून येतं. पुण्यातला भाचा घाबरून फोन करतो. मामा गांधीचमनलाच राहत असतात. ते खिडकीतून बाहेर पाहतात, मोबाइलमध्ये पाहतात आणि म्हणतात, “इथून दिसत नाही, पण असेल बाबा.”

आता थोडा हिशेब. टँकरचाच, कारण दुसरा येत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वळीव मनावर घेतो तेव्हा तासाभरात पन्नास मिलिमीटर सहज पडतो. एक चौरस किलोमीटर वस्तीवर तेवढा पडला तर पाच कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचे तर पाच हजार टँकर. एका तासात, वाहतूक खर्चाशिवाय, नंबर न लावता, ड्रायव्हरला चहा न पाजता. एखाद्या हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षभरात साठ-पासष्ट हजार लिटर उतरतं, म्हणजे सहा टँकर. आपण उन्हाळाभर ज्याच्या मागे फिरतो तो स्वतः आपल्या डोक्यावर येऊन बसतो, आणि आपण त्याला पाइपाने खाली आणून नालीत सोडतो.

मुरण्याची सोय म्हणावी, तर खाली काळा बेसॉल्ट आणि वर काळी माती. ती माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा सुरुवातीचं पाणी पिते, पण एकदा फुगली की तोंड मिटून बसते. त्यावर आपण सिमेंट, फरशी, पेव्हर ब्लॉक घातले. अंगणात चिखल नको म्हणून मातीचा शेवटचा तुकडाही झाकला. नाले होते ते अरुंद झाले. जे रुंद राहिले त्यांत कॅरीबॅग, थर्माकोलच्या पत्रावळी आणि एखादी गादी असते. नाल्यात गादी कोण टाकतं हे मला कधीच कळलेलं नाही, पण प्रत्येक नाल्यात ती असते आणि नेमकी पुलाखाली आडवी होते. नालेसफाईचा मुहूर्त सगळ्याच शहरांत मेअखेरचा. काढलेला गाळ काठावर रचून ठेवायचा, म्हणजे पहिल्या पावसाला तो परत न्यायला सोपं जातं. २०२५ साली तर पावसाने मुहूर्तच चुकवला. २४ मेला मोसमी पाऊस केरळात आला, २५ला महाराष्ट्रात आणि २६ला मुंबईत. मुंबईची त्याची नेहमीची तारीख ११ जून. सुट्टीच्या गर्दीत आरक्षणाशिवाय केरळहून मुंबईला दोन दिवसांत पोचणं माणसाला जमत नाही, त्याने जमवलं. त्याच्या आधी महिनाभर अवकाळीने राज्याला झोडपलं होतं ते वेगळंच. नाले तोवर सफाईची वाट पाहत होते. २०२३मध्ये आमची नगरपालिका महानगरपालिका झाली. गावाला बढती मिळाली, नाल्या जुन्याच हुद्द्यावर आहेत.

पूर्वजांना पाण्याचं हे गणित कळत नव्हतं असं नाही. उलट त्यांना फारच कळत होतं. मोती तलाव ही जुनीच करणी, आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत पाणी खेळवल्याचं वर्णन जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव बांधला तो गावापेक्षा उंचावर. पाणी आपल्या वजनाने उतरत गावात यायचं, मोटार नाही, बिल नाही. २८ सप्टेंबर १९०८ला मुसी नदीच्या पुराने हैदराबाद बुडालं तेव्हा जालना त्याच संस्थानात होतं. त्या पुरावर उपाय विचारायला विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, आणि पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. पूर अडला आणि शहराला प्यायचं पाणीही मिळालं. त्या काळी पुरातून तलाव निघाले, आज रील निघतात.

आमची आजची तऱ्हा पाहा. जालन्यात पडलेलं पाणी कुंडलिकेत जातं, कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. आणि जालन्याला प्यायचं पाणी कुठून येतं? जायकवाडीहून, म्हणजे गोदावरीतूनच. आपलं पाणी उतारावरून फुकट गोदावरीला द्यायचं आणि गोदावरीचं पाणी पंपाने, विजेचं बिल भरून, चढावर आणायचं. व्यापाराचं गाव म्हणून नाव कमावलेल्या शहराने हा एकच सौदा असा कसा केला, हे कोडं आहे. शहराबाहेर जालना तालुक्यातल्याच कडवंचीने शिवारातलं पाणी शिवारातच अडवून, शेततळी भरून द्राक्षं पिकवून दाखवली. आम्ही ती द्राक्षं कौतुकाने खातो, आणि गच्चीचा पाइप नालीतच ठेवतो. बांधकाम परवान्याच्या कागदावर पाऊस साठवण्याचा खड्डा असतो. तो कागदावर इतका सुबक असतो की जमिनीवर खणून बिघडवावासा वाटत नाही.

पाऊस थांबतो आणि पंचनाम्याचे दिवस येतात. सरकारदरबारी महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो, पाणी आपल्या घरात असतं, आणि दोघांची ओळख नसते. मापकात त्रेसष्ट भरले तर आपल्या घरात शिरलं ते नुसतं पाणी, अतिवृष्टी नव्हे. शेतकऱ्याला हे गणित शहरापेक्षा फार महागात पडतं. त्याच्या बागेतली मोसंबी वाऱ्याने एका रात्रीत खाली येते, झाडाखाली बांधलेल्या बैलावर वीज पडते, आणि २०२५च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यातली उभी पिकंच पाण्यात गेली. तिथे विनोद करायला जागा नाही. आमच्या गल्लीतल्या पंचनाम्यात मात्र ती पुष्कळ असते. एरवी ‘जुना झालाय, फेकायला पाहिजे’ म्हणून वर्षभर हिणवलेला सोफा त्या दिवशी ‘नवाच होता साहेब’ होतो. भिंतीवरची ओल दाखवताना घरधनी बोट कमरेपाशी धरतो, बायको गुडघ्यापाशी. म्हातारी आई म्हणते, “त्यापेक्षा जास्त तर आमच्या लहानपणी आलं होतं,” आणि सगळं प्रकरण घालवते.

दोन दिवसांनी ऊन पडतं. गाळ वाळू लागतो, गाद्या गच्चीवर चढतात, आणि नळ मात्र कोरडाच असतो, कारण त्याचं वेळापत्रक पावसावर चालत नाही. अशाच एका सकाळी आमच्या गल्लीत टँकर उभा दिसला. पाइप काकांच्या दारात गेला होता. मी ड्रायव्हरला म्हणालो, “आता तुमचा धंदा बसला म्हणायचा. गावभर पाणीच पाणी झालं.”

“धंदा कशाचा बसतो, साहेब,” त्याने व्हॉल्व्ह फिरवत म्हटलं, “पूर उतरला की पयले फोन आम्हालाच येतात. घरातला चिखल धुवायला पाणी नको का?”